मदत हवी आहे : इनस्क्रिप्ट आणि होम रो मॉड्सचं जमेना

नमस्कार मंडळी,

दोन भागांचा कीबोर्ड स्वतः सोल्डर करून जोडला, त्यावर क्यूएमके (कीबोर्ड हवा तसा चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) फर्मवेअर कंपाइल करून टाकलं. होम रो मॉड्स ठेवलेत, म्हणजे मधल्या ओळीतल्या कीज नुसत्या दाबल्या की अक्षर आणि ए, एस, डी, एफ दाबून धरले की अनुक्रमे विंडोज, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट. इंग्रजी लिहिताना काहीच तक्रार नाही. मराठीत मात्र रोजची परवड.

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) डीवर आणि ऱ्हस्व वेलांटी एफवर. म्हणजे जवळपास प्रत्येक जोडाक्षराला डी लागतोच. भराभर 'पुस्तक' लिहिताना डी सुटायच्या आत त चा एल दाबला जातो, कंट्रोल-एल होतं आणि कर्सर थेट ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत. 'प्र' लिहिलं की डाउनलोड्स उघडतात. 'किती'चं 'कथी' होतं.

टॅपिंग टर्म (किती वेळ दाबलं की 'धरून ठेवलं' समजायचं ती मर्यादा) २०० वरून २५० मिलिसेकंद केली, थोडाच फरक पडला. कॉर्डल होल्डचा (पुढची की त्याच हाताची असेल तर मॉड न लावता अक्षरच देणारी सोय) उपयोग नाही, कारण इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या. हात तर दर अक्षराला बदलतो. फ्लो टॅप (भराभर टाइप करताना मॉड न लावता अक्षरच देणारी सोय) १५० मिलिसेकंद ठेवल्याने हलन्त सुधारला, पण आता शिफ्टने येणाऱ्या ख, थ, ध साठी एफचा शिफ्ट वेळेत लागत नाही. शिवाय ट ची अवतरणचिन्हाची की फ्लो टॅपच्या मूळ यादीत नाही, ती घालावी लागेल.

कुणी इनस्क्रिप्टवाले होम रो मॉड्स वापरतात का? एफसाठी फ्लो टॅप वेगळा ठेवता का, की शिफ्ट सरळ अंगठ्यावर नेलात? मराठीसाठी मॉड्स नसलेला वेगळा लेअर (कीजची स्वतंत्र मांडणी) करावा असंही मनात आहे. तुमची कीमॅप फाइल दाखवलीत तर फार मदत होईल.