मदत हवी आहे: जळालेल्या पीटमधला कार्बन मोजताना पातळी कुठली धरायची?

नमस्कार मंडळी, माती किंवा पर्यावरणावर काम करणारं कुणी आहे का इथे? मी कॅनडात, अल्बर्टामध्ये शिकते. २०१६ च्या फोर्ट मॅकमरेच्या वणव्यात जळालेल्या दलदलींत कार्बन पुन्हा किती साठतोय, हा विषय.

अडचण अशी, की वणव्यात वरचा पीटच (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) जळतो आणि जमिनीची पातळी खाली जाते. मग जळालेल्या आणि न जळालेल्या जागेचे वरचे ३० सेंटीमीटर ताडून काय कळणार? जळालेल्या जागी आपण थेट जुन्या, दाट थरात पोचतो, आणि कार्बन उलट जास्तच दिसतो! त्यात स्फॅग्नम शेवाळाचे उंचवटे ओल धरून असल्यामुळे नुसते होरपळतात, बाजूचे खळगे मात्र खोल जळतात. दोन हातांवर आकडा बदलतो. (चर खणून सुकवलेल्या दलदलींचं तर विचारूच नका. अल्बर्टातल्याच अशा एका जागेतून २००१ च्या वणव्यात दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो कार्बन गेला होता.)

सर म्हणतात, काळ्या स्प्रूसच्या उघड्या पडलेल्या मुळांवरून जळालेली खोली काढ. पण झाडं सगळीकडे कुठे आहेत? शिसे-२१० (हवेतून पडून थरांत साठणारं, ठरावीक वेगाने कमी होत जाणारं किरणोत्सारी शिसं) वरून वय काढून, एका ठरावीक वयाच्या थरावरचा कार्बन मोजावा असं मला वाटतं. पण वरच्या थराबरोबर शिसंही गेलं असेल तर तारखा कशा दुरुस्त करायच्या? आणि कोळशाचा थर लवकर कुजत नाही, तो हिशोबात वेगळा दाखवता का?

कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा. नमुने कापायचे अजून बाकी आहेत.