‘हर्षद संख्या’ : व्युत्पत्ती, लिंग आणि एक सतरा अंकी उदाहरण

प्रश्न : ‘हर्षद संख्या’ हा शब्द कुणा हर्षद नावाच्या माणसावरून आलाय का? आणि संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा’ का नाही? १२३४५६७८९८७६५४३२१ ही हर्षद संख्या असल्याचं वाचलं. ते ताडून कसं पाहायचं?

उत्तर : माणसाचं नाव नाही. हर्ष + द, हर्ष देणारी. वरद, सुखद, दुःखद यांतला ‘द’ तोच. शब्द देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचा. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला की ती हर्षद. १८ घ्या : १ + ८ = ९, नऊ दुणे अठरा. १९ ची बेरीज १०, भाग जात नाही. हिलाच ‘निव्हेन संख्या’ असंही म्हणतात, पण त्यातून फक्त एका गणितज्ञाचं नाव कळतं. कापरेकरांच्या शब्दात आकड्यांवरची माया दिसते.

आणखी एक : लिंगाबद्दल. आकारान्त नसलेली विशेषणं मराठीत बदलत नाहीत : सुखद प्रवास, सुखद बातमी, सुखद स्वप्न. म्हणून ‘हर्षद संख्या’च बरोबर. ‘हर्षदा’ हे संस्कृत रूप मराठीत मुलीचं नाव म्हणून रुळलं.

उत्तर : आता ती मोठी संख्या. ती १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा, वर्ग आहे. गुणाकार कागदावर मांडाच. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, दर ओळीला एक घर डावीकडे सरकलेले. बेरीज करताना उजवीकडच्या रकान्यात एक एकं, पुढच्यात दोन, अगदी मधल्यात नऊ, मग उतरती. कुठेही हातचा येत नाही, म्हणून संख्या दोन्हीकडून सारखीच वाचता येते. दहा एकं घेतले की मधे दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. डौल मोडला!

अंकांची बेरीज ८१. आणि १११११११११ = ९ × १२३४५६७९ (यात आठ नाही, बघा), म्हणून तिचा वर्ग = ८१ × १२३४५६७९ चा वर्ग. ८१ ने भाग गेलाच. मात्र एक ते नऊ एकांच्या नऊ वर्गांपैकी हर्षद तीनच : १, १२३२१ आणि ही. १२१ ची बेरीज ४, तिथेच अडतं.

प्रश्न : एकांच्या या वर्गांनाच ‘डेम्लो’ म्हणतात ना?

उत्तर : हो, ‘अद्भुत डेम्लो’. त्या काळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या ज्या स्टेशनावर कापरेकरांना कल्पना सुचली, त्याचं नाव त्यांनी संख्यांना दिलं.

आणखी एक : ती सतरा अंकी संख्या मोठ्याने वाचायची तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थानांची नावं घ्या. परार्धाच्या, म्हणजे अठराव्या घराच्या, एक घर अलीकडे सुरुवात होते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी... इथून पुढची घरं सगळ्यांना पाठ आहेत.