सोसायटीचा ग्रुप: ओंकारची बॅग, सुभेदारांचं बाडमेर आणि वरची टाकी

सुनीता वहिनी (ए-१०३), सायं. ७.१२: सगळ्यांना एक विचारायचं होतं. आमच्या ओंकारला अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालीय हे माहीतच आहे. ऑगस्टमध्ये निघतोय. इथवर सगळं छान वाटत होतं, आता मला झोप नाही. भर वाळवंटातलं गाव, रोज ४० च्या वर. पोराला साताऱ्याची हवा. मे महिन्यात पुण्याला गेला तरी घोळणा फुटतो त्याचा. कुणाचं कोणी तिकडं असेल तर सांगा.

बंटी (सी-२०१): आधी पेढे, मग सल्ला.

सुनीता वहिनी: पेढे वाटले की. तुम्ही गावी होता. बॉक्स सेक्रेटरींकडे ठेवला होता.

सेक्रेटरी: मी तो वॉचमनकडे दिला. यापुढे असल्या गोष्टी माझ्याकडे ठेवू नयेत ही विनंती.

जोशी काका (बी-४०२): बी विंगची टाकी भरून वाहते आहे. मोटर बंद करा.

माई (ए-००२): खिशात कांदा ठेवायला सांग गं त्याला. ऊन बाधत नाही. माझ्या सासूबाई सांगायच्या.

सुभेदार काका (बी-१०४): सुनीताबाई, काळजी नको. मी राजस्थानात काढलीत वर्षं. स्वेटर घेतला का त्याला?

बंटी: काका, वाळवंट म्हणाल्या त्या. स्वेटर कशाला, वाळू गाळायला?

सुभेदार काका: डिसेंबरात रात्रपाळी करून बघ बाडमेरला. दात वाजतात.

जोशी काका: बी विंगची टाकी भरून वाहते आहे. मोटर बंद करा.

नलिनी काकू (डी-४०१): आमची केतकी दोन वर्षं त्याच टूसॉनला होती. कुणाच्या लक्षात नसेल. तिला मेसेज केलाय, उठली की लिहील.

सुनीता वहिनी: अहो नलिनीताई, लक्षात नसायला काय झालं? पण ती तर फीनिक्सला असते ना?

नलिनी काकू: आता. आधी टूसॉन.

केतकी (डी-४०१), रात्री ८.०६: नमस्कार काकू. सुभेदार काकांचं बरोबर आहे, स्वेटर लागतो. हिवाळ्यात पहाटे ४-५ अंशांपर्यंत उतरतं. आणि उंचीनं टूसॉन साधारण साताऱ्याएवढंच आहे, सातशे मीटरच्या वर. भाजतं ते मे ते सप्टेंबर.
वेळेचं सांगते. इथलं घड्याळ वर्षभर आपल्या साडेबारा तास मागं. अमेरिकेत बहुतेक राज्यं मार्च-नोव्हेंबरला घड्याळं पुढंमागं करतात, अ‍ॅरिझोनात नाही करत (एक नवाहो आदिवासींचा भाग सोडून). फोनची वेळ एकदा ठरली की ठरली.

केतकी: ओंकार येतोय तो नेमका पावसाळ्यात. हो, इथं पावसाळा असतो. त्याला मॉन्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर.

बंटी: किती पडतो?

केतकी: वर्षाचा साधारण ११ इंच. त्यातला निम्मा या दिवसांत.

बंटी: एवढा महाबळेश्वरला एका रात्रीत पडतो 😂 छत्रीपण नको.

सुभेदार काका: हसू नकोस. ऑगस्ट २००६, बाडमेर. कवास गाव अख्खं पाण्यात. खाली जिप्समचा थर, पाणी मुरेना. वाळवंटात बोटी चालवल्यात आम्ही.

सेक्रेटरी: काका, ही गोष्ट गणपतीच्या मीटिंगमध्येही झाली होती.

सुभेदार काका: झाली होती. ऐकली कुणी?

केतकी: काका अगदी बरोबर बोलताहेत. इथं कोरडे ओढे गावातून जातात, रस्ते सरळ त्यांच्या पात्रातून. त्यांना 'वॉश' म्हणतात. पाऊस लांब डोंगरात पडतो, आपण असतो तिथं ऊन असतं आणि लोंढा येतो. अडथळा लावलेला असताना पाण्यात गाडी घातली आणि सोडवायला माणसं आली, तर तो खर्च ड्रायव्हरकडून वसूल करतात. १९९५ चा कायदा आहे. ओंकारला गाडी नसेल, पण मित्राच्या गाडीत मागं बसलेला असेल. तेव्हा तोंड उघडायचं.

जोशी काका: लोंढा इथंही आला आहे. जिन्यात. बी विंगची टाकी भरून वाहते आहे. मोटर बंद करा.

बंटी: काका, मोटर आपोआप बंद होते आता. सेन्सर बसवलाय.

जोशी काका: सेन्सर ज्यांनी सुचवला त्यांनीच वर जाऊन बघावं.

बंटी: सुचवला मी, स्वस्तातला घेतला कमिटीनं.

सेक्रेटरी: तीन कोटेशन्स मागवली होती. नोटीस बोर्डावर लावली होती. वाचत कुणी नाही.

सुनीता वहिनी: केतकी, राहायचं कसं बघावं? एक घर स्वस्त मिळतंय म्हणतो.

केतकी: एसी आहे की कूलर, एवढं आधी विचारायला सांगा. स्वस्त घरात बऱ्याचदा कूलर असतो. जूनमध्ये हवा कोरडी, तेव्हा मस्त गार करतो. पावसाळी हवा आली की पाणी उडतच नाही, नुसतं दमट वारं अंगावर. आणि तो उतरणार ऑगस्टमध्ये. घर ट्रामच्या किंवा बसच्या रस्त्यावर बघा. मी होते तेव्हा दोन्हीला तिकीट नव्हतं.
घाम येतो पण दिसत नाही, तिथल्या तिथं वाळतो. त्यामुळे तहानेची वाट बघायची नाही. स्टीलची बाटली तिकडूनच द्या. आणि बंटीदादा, छत्री लागते. उन्हासाठी.

माई: आणि कांदा?

केतकी: माई, कांदा विमानतळावरच काढून घेतील. ताजी भाजी-फळं, बियाणं नाही चालत. बाकी खाण्याचं जे असेल ते विचारलं की सरळ सांगायचं, लपवायचं नाही. मेतकूट, गोडा मसाला मी नेहमी आणते.

माई: मेतकूट मी करून देते. बाजारचं घेऊ नका, सुनीता.

सुभेदार काका: विंचू?

केतकी: आहेत. बूट झटकून घालायचे.

सुभेदार काका: हेच सांगणार होतो.

केतकी: जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळते, अल्ट्राव्हायोलेट. तिच्यात विंचू हिरवट चमकतो. आणि 'चोया' नावाचं निवडुंग असतं, जरा घासलं की त्याचा गोळाच अंगाला चिकटतो. हातानं काढायला गेलं की हातात बसतो. कंगवा मधे घालून उडवायचा. माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कंगवा असायचाच.

केतकी: काकू, एक महत्त्वाचं. इथल्या धुळीत एक बुरशी असते, तिच्यामुळं 'व्हॅली फीव्हर' होतो. बहुतेकांना काही जाणवत नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण खोकला, ताप, थकवा आठवडेच्या आठवडे राहिला तर तपासणी मागायची. सुट्टीत साताऱ्यात आल्यावर आजारी पडला तरी डॉक्टरला सांगायचं, मी अ‍ॅरिझोनातून आलोय. नाहीतर सगळे टीबीच्या मागं लागतील.

सुनीता वहिनी: हे मला कुणीच सांगितलं नव्हतं गं. खूप आभार.

नलिनी काकू: केतकीनं हे सगळं एकटीनं शोधलं होतं. तेव्हा ग्रुपवर गच्चीतल्या पापडांवरून भांडण चालू होतं. असो.

सुनीता वहिनी: नलिनीताई, त्या आठवड्यात मी ऑफिसातून येऊन पुरणपोळ्या करून दिल्या होत्या. असो.

केतकी: आई 🙏 पोळ्या फार छान होत्या काकू.

बंटी: पाण्याचं काय तिकडं? बोअर?

केतकी: कोलोरॅडो नदीचं आणतात. ३३६ मैलांचा कालवा, तोही पंपांनी चढावर चढवत.

जोशी काका: सर्वांनी वरील मेसेज वाचावा. ३३६ मैल. आणि इथं कास तलावाचं पाणी गेला एक तास गटारात. बी विंगची टाकी भरून वाहते आहे.

वॉचमन मामा: साहेब मोटर बंद केली. सेन्सरची वायर निघालेली.

सेक्रेटरी: उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. खर्च बी विंगमध्ये विभागला जाईल.

बंटी: बी विंगमध्येच विभागा, मी सी मध्ये राहतो 👍

जोशी काका: बी विंगनंच का? सेन्सर कुणी सुचवला?

सुनीता वहिनी: केतकी, पर्सनलवर येते. ती टॉर्च साताऱ्यात मिळेल का?

सुभेदार काका: सुनीताबाई, पोवई नाक्यावर बघतो मी उद्या. पैसे नंतर.