जादा एक तास: हक्क की मेहेरबानी?

सदाफुली
एका पालकांची पोस्ट कालपासून फिरतेय. ‘माझ्या लेकीने तीन तासांत पेपर लिहिला, पलीकडच्याला चार तास आणि वर लेखनिक. ही कसली समानता?’ खाली ‘अगदी बरोबर’वाल्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

दिव्यांग मुलांना मिळणारा तो जादा तास कुणी खिशातून दिलेला नाही. पेपरच्या दर तासाला किमान २० मिनिटं जादा, हे केंद्राच्या २०१८च्या सूचनांत आहे आणि त्यामागे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. माझ्या मुलाला अंधुक दिसतं. भूमितीची आकृती तो भिंगाखाली तुकड्यातुकड्याने बघतो आणि मनात जुळवतो. प्रमेय त्यानंतर सुरू होतं. तुमच्या लेकीला आकृती एका नजरेत दिसते. आता बोला, वेळ कुणाला जास्त मिळाला?

तिसरा_बाक
ताई, तुमच्या मुलाबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. पण दहावीच्या तोंडावर बरी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ सापडते! आमच्याच इमारतीत आहे एक. क्लासमध्ये पहिला, बोर्डाला सर्टिफिकेट. २०२४मध्ये आयएएसच्या निवडीतली दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं गाजली, ती विसरलात?

सदाफुली
खोट्या नोटा निघतात म्हणून तुम्ही पगार नाकारता का? लबाडांसाठी त्याच कायद्यात कलम ९१ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. करा तक्रार इमारतीतल्याची. इथे कशाला कुजबुजताय?

कोरा_कागद
दहावीच्या तोंडावर सापडते, कारण तोवर सगळे ‘आळशी आहे’ म्हणून मोकळे झालेले असतात. मला डिस्ग्राफिया आहे, म्हणजे हाताने लिहिणंच अवघड जातं. चौथीत माझी वही ‘हे बघा अक्षर’ म्हणून वर्गभर फिरवली होती. पुढे कॉलेजने ऐकवलं, दिव्यांगत्व ४० टक्के भरत नाही, लेखनिक मिळणार नाही. विकास कुमार यांचा निकाल आला फेब्रुवारी २०२१मध्ये. ते यूपीएससीचे उमेदवार. त्यांना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडतो, आणि ४० टक्क्यांच्या अटीवर यूपीएससी लेखनिक देईना. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लेखनिकासाठी ही अट चालणार नाही. तोवर माझं शिक्षण उरकलं होतं.

गणित_मास्तर
निकाल छान आहेत हो. लेखनिक आणायचा कुठून? स्वतःचा आणला तर तो एक पायरी खालचा हवा, म्हणजे दहावीच्या पोराला नववीचा. माझ्या विद्यार्थ्याने वर्गसमीकरणाचं सूत्र तोंडी अचूक सांगितलं. लेखनिकाने वर्गमूळ नुसत्या ‘बी’वर ओढलं, ‘चार एसी’ बाहेर. गुण कुणाचे गेले?

तिसरा_बाक
मग काय बारावीचा देता? तोच सोडवून देईल की!

कोरा_कागद
आणि पर्यवेक्षक काय डुलक्या घेतो?

गणित_मास्तर
पर्यवेक्षक मीच असतो साहेब! वेगळी खोली, वेगळा माणूस, सगळं त्याच पाचपन्नास कामांतून काढायचं. निवडणूक आम्ही, जनगणना आम्ही, सर्वेक्षण आम्ही. २०२१मध्येच रजनीश कुमार पांडेय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे आणि वर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. आमच्याकडचे विशेष शिक्षक चार शाळा फिरून येतात. ते येतात त्या दिवशी नेमका पोरगा गैरहजर!

सदाफुली
मास्तर, तुमच्या ड्युट्यांचा धागा वेगळा काढा. कायदा पाळायला माणसं नाहीत, याची शिक्षा मुलाने का भोगायची?

गणित_मास्तर
भोगावी असं म्हटलं मी? खोलीचं दार उघडायला, प्रश्न वाचून दाखवायला शेवटी मीच उभा असतो. कायद्याच्या पोस्टी टाकणारे नसतात तिथे.

सदाफुली
ते मान्य. तरी लेखनिक शोधायचं काम शाळेने आमच्याच गळ्यात मारलं होतं, तेही लिहून ठेवते. नववीतल्या पोरांचे आईबाप ‘आमच्याचा अभ्यास बुडेल’ म्हणून फोन उचलत नव्हते.

तिसरा_बाक
बरं बाई, जिंकलात. एक काय, दीड तास घ्या. उद्या कॉलेज प्रवेशातल्या दिव्यांगांच्या ५ टक्के राखीव जागांवर बोललो की पुन्हा तुटून पडालच.

सदाफुली
पडणारच. येताना त्यातल्या किती जागा खरंच भरतात ते तेवढं विचारून या.