मदत हवी आहे: गावात मधमाश्यांसाठी कार्यक्रम करायचाय

नमस्कार मंडळी,

आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातले. पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्या मोहोळ बसतं आणि कुणीतरी रात्री टेंभा लावून जाळतं. यंदा बचत गटातल्या बायका आणि तालमीतल्या पोरांनी मिळून काहीतरी करायचं मनावर घेतलंय. जागतिक मधमाशी दिन २० मेला असतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी आणि रान करपलेलं. म्हणून मृगाचा पाऊस झाला की करू म्हणतोय. हारतुरे नि भाषणं नकोत.

पोरांना भोपळ्याच्या वेलापाशी न्यायचंय. मादी फुलामागे छोटी गाठ असते, नर फुलामागे नुसता देठ. माशी आली नाही तर ती गाठ पिवळी पडून गळते. हे एकदा दाखवलं की पुढचं सांगावं लागत नाही.

महाबळेश्वरच्या मध संचालनालयात कुणी प्रशिक्षण घेतलंय का? गटाला एकदम जाता येतं का? मांघर हे मधाचं गाव बघून आलेल्यांनीही सांगा, सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी माशीच्या) पेट्या आमच्या उन्हाळ्यात तगतील का.

बांधावर शेवगा, करंज, बोर, तुळस धरलंय. अजून काय लावू? बोगनवेल सुचवू नका, ती ढीगभर आहे आणि माशी फिरकत नाही.

आणि मुख्य अडचण: डाळिंबवाल्यांना फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा म्हटलं तर मजूर मिळत नाही म्हणतात. खोटंही नाही ते. तुमच्याकडे यावर कुणी तोडगा काढलाय का?