किट कारला विंग कशाला? आधी ब्रेक बघा की (चर्चा)

अक्कलकोट_रोड_शेड:
आमच्या ओळखीतली चार पोरं सोलापूरच्या एमआयडीसीत शेड घेऊन किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून घरीच केलेली गाडी, बांधायलेत. किट म्हणजे आपल्याकडं खोक्यात काय येत नाही, भंगारातल्या ओम्नीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल, स्क्वेअर पाईपची चासी, वरनं फायबरची बॉडी. मॉडेल लोटस सेव्हन या इंग्लंडच्या उघड्या, हलक्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर. इथपर्यंत एक नंबर काम चाललंय. पण आता सगळं डोकं एरोडायनॅमिक्समध्ये (एरो, गाडीवरनं हवा कशी जाती त्याचं शास्त्र) घुसलंय. मागं विंग (हवेच्या जोरानं गाडी खाली दाबणारी पट्टी), त्याच कामाला खाली डिफ्युझर, पुढं स्प्लिटर आणि रात्री लॅपटॉपवर ओपनफोम हे हवेचा प्रवाह दाखवणारं सॉफ्टवेअर लावून रंगीत चित्रं बघत बसायचं. तिकडं ब्रेकची पाईपलाईन अजून चासीला सुतळीनं बांधलेली हाय!

माझं म्हणणं सरळ हाय. ७९६ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन, नवीन होतं तेव्हा जेमतेम ३५ हॉर्सपॉवर, आता किती उरलेत देवाला माहीत. या गाडीला हवा कापायला शिकवण्यात अर्थ नाही. मूळ लोटस सेव्हन १९५७ ची, १९७३ ला कॅटरहॅम कंपनीकडं गेली, अजून बनती, आणि तिचा ड्रॅग कोएफिशंट (सीडी, आकार हवेला किती अडतो तो आकडा, जेवढा कमी तेवढा चांगला) ०.७ च्या आसपास. साध्या घरच्या कारचा ०.३-०.३५ असतो. म्हणजे हवेच्या बाबतीत नुसती वीट, तरी जग तिच्यावर मरतंय, कारण ती हलकी हाय. वजन कमी करा, सस्पेन्शन नीट बसवा, ब्रेक करा. विंग इन्स्टाला लागती, गाडीला नाही.

विजापूर_रोड:
काय बे, ३५ हॉर्सपॉवर हायेत म्हणूनच तर हवा बघायची. ज्याच्याकडं ३०० हायेत तो उधळंल, तू कशाला उधळतो? हिशोब कर. सीडी ०.६५ आणि समोरचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धर, म्हणजे गुणाकार जवळपास १. साठच्या स्पीडला हवा साधारण १५ किलोच्या जोरानं मागं ढकलती, एकशेवीसला ६० किलोच्या वर. जोर चौपट आणि ताकद आठपट लागती. साठला साडेतीन हॉर्सपॉवर पुरतात, एकशेवीसला सत्तावीस लागतात नुसत्या हवेला. टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्समध्ये जातंय ते वेगळंच. म्हणजे तुझी गाडी एकशेवीसच्या आसपास भिंतीला धडकल्यासारखी थांबणार. सीडी ०.५ वर आणली तर त्याच इंजिनात दहा-अकरा किलोमीटर वाढतील. फुकटात. काच जरा तिरकी आणि हेडलाईट बॉडीत घेतले तरी फरक पडतो.

अक्कलकोट_रोड_शेड:
एकशेवीस पळवणार कुठं ते सांग आधी. सात रस्ता चौकात?

नवी_पेठ_७०:
मुळात रोडवर न्यायचीच नाही ही गाडी, हे कुणी बोलंनाच. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारावरचं कलम ५२ हाय, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. इथं तर ओम्नीची ओम्नीच उरली नाही. नवीन गाडी म्हणून पास करायची तर पुण्याला एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं टाईप अप्रूव्हल (नव्या मॉडेलची मंजुरी), ते घरगुती माणसाच्या खिशाबाहेरचं काम. इंग्लंडमध्ये एकेक गाडी तपासून पास करायची सोय हाय म्हणून तिकडं हा धंदा फुलला, आणि सुरुवातीला तर किट घेतलं की तयार गाडीवरचा परचेस टॅक्स वाचायचा हे खरं कारण होतं. आपल्याकडं शेतातला रस्ता नाहीतर कोइम्बतूरचा कारी रेसिंग ट्रॅक. पोरांनो, मध्यरात्री पुणे हायवेला ट्रायल घ्यायच्या नादाला लागू नका.

विजापूर_रोड:
काका बरोबर हाय तुमचं, पण ट्रॅकवर न्यायची म्हटलं तर मग विंग अजूनच पाहिजे की ओ. त्याच कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही कॉलेजच्या पोरांनी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा होतीय, तिथल्या स्टुडंट गाड्यांचा सरासरी स्पीड पन्नास-साठच असतो आणि दारं एवढ्या विंगा लावलेल्या असतात. ती पोरं येडी हायेत का?

अक्कलकोट_रोड_शेड:
येडी नाहीत, पण त्यांची गाडी सव्वादोनशे किलोची आणि विंग पुढं-मागं मिळून केवढी बघ. साठला पन्नास-साठ किलो दाब मिळाला तर गाडीच्या वजनाच्या पाव भाग झाला, कॉर्नरला कळतं. तुमची गाडी ड्रायव्हरसकट साडेसहाशे किलो, वर लावणार ऑनलाईन मागवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पाव ते ०.३ चौरस मीटरची विंग साठला पाच किलोच्या आत दाब देती. तिचं स्टँडसकट वजनच तेवढं हाय. त्यापेक्षा मागच्या सीटवर कलिंगड ठेव.

विजापूर_रोड:
मागं सीटच नाही 😂

फायबरवाला:
दोघंपण विंगवरच अडकलाव. मी बॉड्या काढतो, मला वेगळंच दिसतंय. एरो म्हणजे फक्त स्पीड नाही, रेडिएटरला हवा मिळणं पण एरोच. मे महिन्यात सोलापूरला ४३-४४ टेंपरेचर, तिथं ही गाडी पहिल्यांदा दगा देणार ती गरम होऊनच. शेडवर जाऊन बघितली मी. पुढं तोंडाला मोठ्ठं भोक ठेवलंय, रेडिएटर त्याच्या वीतभर मागं, आणि बाजूनं मोकळी जागा. हवा काय येडी हाय का रेडिएटरच्या जाळीतनं घुसायला, ती बाजूनं पळून जाणार. तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत पत्र्याचं नाहीतर फायबरचं डक्ट पाहिजे, कडेला फोम लावून बंद.

दुसरं, गरम हवा निघायला बोनेटवर जाळी कापलीय ती काचेच्या अगदी बुडाशी. तिथं हवा काचेला थटून दाब वाढवती, म्हणजे स्पीडला गरम हवा बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची आत घुसणार. जाळी पुढं सरकवा, नाकाचा चढ संपून बोनेट जिथनं सपाट व्हायला सुरू होतंय त्याच्या जरा मागं, तिथं दाब कमी असतो. हे सगळं हजार-बाराशेत होतंय. आणि ऊन्हात रेझिन ओतायलाव तर हार्डनर कमी टाका, दुपारी मगमध्येच गोळा होतंय.

अक्कलकोट_रोड_शेड:
हे पटलं. पण याला मी एरो म्हणत नाही, ही अक्कल हाय.

विजापूर_रोड:
म्हणजे तुला पटलं की ते अक्कल, नाही पटलं की एरो. वा रे वा. पुढच्या चाकांवरचे ते मोठे गोल मडगार्ड पण बघ मग, सेव्हनला स्पीडमध्ये ते पुढनं उचलतात, स्टेअरिंग हलकं लागतं. स्टेअरिंग फिरवलं की चाकाबरोबर वळणारे, सायकलसारखे बारके मडगार्ड लाव. ही पण अक्कलच का?

अक्कलकोट_रोड_शेड:
बारक्यानं पावसात चिखल सगळा तोंडावर येतो. मोठेच राहणार.

नवी_पेठ_७०:
वाद घालण्यापेक्षा मोजा. कॉम्प्युटर नको काही नको. टॉवेलच्या कारखान्यातनं वाया गेलेलं सूत आणा, आपल्या गावात त्याला काय तोटा, बोटभर तुकडे करून बोनेटवर, काचेवर, मडगार्डवर टेपनं चिकटवा आणि बाजूनं दुसऱ्या गाडीतनं व्हिडिओ काढा. सूत सरळ मागं लोळलं तर हवा चिकटून चाललीय, उलटं फिरलं नाहीतर थरथरलं तर तिथं गडबड. शेताच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासलासुद्धा दिसतं.

फायबरवाला:
काळी बॉडी असंल तर पांढरं सूत घ्या काका म्हणतात तसं, आणि जरा जाड. टेप मात्र चांगला, फायबरवर मेण राहिलेलं असतंय, आधी थिनरनं पुसा.

विजापूर_रोड:
रविवारी मी येतो, व्हिडिओला माझी अ‍ॅक्टिव्हा. मागं बसून शूट कोण करणार?

अक्कलकोट_रोड_शेड:
पुढच्या रविवारी ये. या रविवारी ब्रेकची लाईन.