शोपँच्या नॉक्टर्नमध्ये पेडल किती धरावं? मदत हवी आहे

संगीतकार शोपँचं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची शांत पियानो-रचना), ओपस २७ क्रमांक २, घरच्या छोट्या बैठकीत पियानोवर वाजवायचंय. पॅरिसमध्ये सलोन (घरगुती मैफली) भरवणाऱ्या काउंटेस आपोनीला अर्पण केलेली ही १८३६ ची रचना. मोठ्या सभागृहापेक्षा दिवाणखान्यातच ती खुलते असं मला मनापासून वाटतं.

अडचण पेडलची, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवणाऱ्या पट्टीची. शोपँचा आवडता प्लेयेल बनावटीचा पियानो हलक्या, लवकर विरणाऱ्या स्वराचा. माझ्या आधुनिक अपराइटवर (उभ्या पियानोवर) छापील खुणांप्रमाणे पेडल धरलं की डाव्या हाताचे खर्ज स्वर घुमत राहतात आणि वरची सुरावट गढूळ होते. अर्धं पेडल (पट्टी अर्धवटच दाबणं) करून पाहिलं, तर खर्जच तुटतो. डावा हात हलक्या आवाजात वाजवला, थोडाच फरक पडला. खोली लहान आहे, पियानो बदलणं शक्य नाही.

खर्ज न तुटता पेडल मध्येच नेमकं कुठे बदलता?